गिट रिस्टोअर: कमिट न केलेले बदल मागे घ्यायची सगळ्यात सरळ कमांड, फक्त ती काही विचारत नाही

पाचपैकी चार स्टार, आणि ते चारही मनापासून. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट न केलेले, म्हणजे अजून त्या इतिहासात नोंदवलेले नसलेले बदल टाकून द्यायचे असतील तर मी आता गिट रिस्टोअर सोडून सहसा दुसरं काही वापरत नाही आणि नवीन पोरांना शिकवतानाही हीच शिकवतो. पाचवा स्टार का नाही ते पुढे लिहिलंय आणि ते कारण किरकोळ नाहीये, त्यापायी दिवसभराचं काम जाऊ शकतं, म्हणून नुसती कमांड कॉपी करायला आला असाल तरी तेवढा भाग वाचूनच जा.

ही कमांड तशी बरीच उशिरा आली. गिट 2005 साली लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी सुरू केलं आणि रिस्टोअर आली ऑगस्ट 2019 मध्ये, 2.23 व्हर्जनला, गिट स्विचच्या जोडीने. तोपर्यंत हे काम सगळेजण चेकआउटने करायचे. चेकआउटची अडचण अशी की ती दोन अगदी वेगळी कामं करते, एक म्हणजे ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलणं आणि दुसरं म्हणजे फाइल जुन्या रूपात आणणं. ब्रँच बदलताना तुमचे बदल पुसले जाणार असतील तर गिट थांबतं आणि सांगतं की आधी कमिट करा नाहीतर स्टॅश करा (बदल तात्पुरते बाजूला ठेवा), म्हणजे तिथे तुम्ही सुरक्षित. पण त्याच चेकआउटपुढे फाइलचं नाव दिलं की तुमचे बदल एक शब्द न बोलता जातात! ब्रँच आणि फाइल एकाच नावाची असली की आणखी गोंधळ, म्हणून मध्ये दोन डॅश टाकून सांगावं लागायचं की बाबा पुढचं नाव फाइलचं आहे. नवीन माणसाने हे सगळं डोक्यात ठेवून काम करायचं ही अपेक्षाच चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे.

रिस्टोअरने हा घोळ संपवला. ती ब्रँचला हात लावत नाही, हेड (तुम्ही आत्ता कुठल्या कमिटवर आहात ती खूण) जिथे आहे तिथेच राहतो, कमिटचा इतिहास बदलत नाही, फक्त फाइलींचा मजकूर परत आणते. चुकून डिलीट केलेली फाइल सुद्धा परत येते, फाइल गिटच्या ट्रॅकिंगमध्ये असली, म्हणजे गिट तिची नोंद ठेवत असलं, की झालं. शिवाय गिट स्टेटस मारलं की बदललेल्या फाइलींच्या वरच लिहून येतं की बदल टाकायचे असतील तर रिस्टोअर वापरा आणि अनस्टेज करायचं असेल तर रिस्टोअर --स्टेज्ड वापरा, म्हणजे पाठ करायचीही गरज नाही, स्टेटस बघायची सवय असली तरी पुरे.

आता मुख्य गोष्ट, आणि ही कळली नाही तर रिस्टोअर तुम्हाला विचित्र वागतेय असं वाटेल. गिटमध्ये तुमच्या फाइलची रूपं तीन ठिकाणी असतात, एक शेवटच्या कमिटमधलं, दुसरं स्टेजिंगमधलं म्हणजे तुम्ही गिट ॲड केलं त्या क्षणाचं, आणि तिसरं डिस्कवरचं जे एडिटरमध्ये दिसतं. साधं गिट रिस्टोअर आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं की डिस्कवरची फाइल स्टेजिंगमधल्या रूपासारखी होते. कमिटसारखी नाही, स्टेजिंगसारखी! बहुतेक वेळा स्टेजिंग आणि कमिट सारखंच असतं म्हणून फरक कळत नाही, पण समजा तुम्ही कॉन्फिगच्या फाइलमध्ये थोडे बदल केले, गिट ॲड केलं, मग आणखी बदल केले आणि आता सगळंच नको झालं म्हणून रिस्टोअर मारलं, तर फाइल ॲड केलं त्या वेळच्या अवस्थेला जाते आणि आधीचे बदल तसेच राहतात. लोक म्हणतात रिस्टोअर चाललं नाही. ती चालली, तिला जेवढं सांगितलं तेवढंच तिने केलं.

--स्टेज्ड लावलं की उलटं, स्टेजिंगमधलं रूप कमिटसारखं होतं आणि डिस्कवरच्या फाइलला धक्का लागत नाही, म्हणजे नुसतं अनस्टेज. हे अगदी निर्धास्तपणे करा, तुमची फाइल जशीच्या तशी राहते. आणि --स्टेज्ड आणि --वर्कट्री (डिस्कवरच्या फाइलींसाठीचा पर्याय) दोन्ही एकत्र लावले की दोन्ही ठिकाणी कमिटमधलं रूप येतं, म्हणजे शेवटच्या कमिटनंतर त्या फाइलमध्ये जे काही केलं ते सगळं गेलं. याच्यात एक बारीक खाच आहे. फाइल अगदी नवीन असेल, एकदाही कमिट झालेली नसेल पण गिट ॲड केलेली असेल, तर हे दोन पर्याय एकत्र लावल्यावर ती फाइल डिस्कवरून सुद्धा जाते, कारण कमिटमध्ये ती नव्हतीच. नुसतं --स्टेज्ड लावलं असतं तर ती फक्त अनट्रॅक्ड (गिटच्या नोंदीत नसलेली) झाली असती आणि डिस्कवर राहिली असती. नवीन फाइली असलेल्या फोल्डरवर ही जोडी चालवायच्या आधी दोनदा बघा.

आणि एकही कमिट नसलेल्या कोऱ्या रेपोमध्ये (गिटच्या प्रोजेक्टमध्ये) रिस्टोअर --स्टेज्ड चालत नाही, कारण कशासारखं करायचं तेच तिथे नसतं, त्या वेळी गिट आरएम --कॅश्ड वापरायची, स्टेटसही तेच सुचवतं.

लांबचं रूप हवं असेल तर --सोर्स देऊन कुठल्याही कमिटमधली फाइल आणता येते, दुसऱ्या ब्रँचमधलीही. म्हणजे चालू फाइलमध्ये प्रयोग फसला आणि तीन कमिट मागची फाइल हवी असेल तर ब्रँच न बदलता काम होतं. छान आहे, पण रोज लागत नाही.

रोज लागतं ते -पी. रिस्टोअरला -पी लावलं की ती फाइलमधला एकेक बदललेला तुकडा दाखवते आणि विचारते की हा टाकू का, वाय म्हटलं की टाकते, एन म्हटलं की ठेवते, तुकडा मोठा असला तर एस देऊन त्याचे आणखी छोटे तुकडे करता येतात आणि क्यू म्हटलं की तिथेच थांबते. डीबगिंग करताना आपण काय करतो, वीस ठिकाणी प्रिंट टाकतो आणि मधल्या मधे दोन ठिकाणी खरी दुरुस्ती करतो, मग शेवटी ते प्रिंट हाताने शोधून काढत बसतो आणि एखादा राहतोच. -पी ने फक्त नको ते तुकडे जातात आणि दुरुस्ती राहते. वर प्रत्येक तुकडा डोळ्यांखालून जातो, त्यामुळे आपण नेमकं काय टाकतोय ते टाकायच्या आधी दिसतं, नंतर नाही. या एका पर्यायासाठी मी दोन स्टार वेगळे काढून देईन. एकच काळजी घ्या, गिट ॲड -पी मध्ये वाय म्हणजे हा तुकडा घे आणि इथे वाय म्हणजे हा तुकडा फेकून दे, दोन्ही कमांड पाठोपाठ वापरत असाल तर बोटं सवयीने वाय दाबतात, म्हणून प्रश्नाची ओळ वाचून मगच दाबा. डिस्कार्ड असं त्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता पाचव्या स्टारबद्दल. साधी रिस्टोअर विचारत नाही, सांगत नाही, बॅकअप ठेवत नाही. गिट रिस्टोअर आणि पुढे टिंब दिलं की तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथपासून खालच्या सगळ्या ट्रॅक केलेल्या फाइलींतले स्टेज न केलेले बदल गेले, आणि स्क्रीनवर काही येतही नाही. आधी नुसतं काय होणार ते दाखव असा पर्यायही तिला नाहीये. गिट क्लीनला तो आहे, रिस्टोअरला नाही. हे मला खरंच खटकतं, कारण गिटची सगळी ख्याती अशी की इथे काही हरवत नाही, कमिट केलेलं रीफ्लॉगमधून (हेड कुठे कुठे होता त्याच्या नोंदीतून) परत आणता येतं, ब्रँच उडवली तरी परत मिळते, आणि ज्या कामाची प्रत दुसरीकडे कुठेच नाही नेमकं तेच काम एका ओळीत जातं.

गिटसारख्याच बाकीच्या साधनांकडे बघा ना. मर्क्युरिअलमध्ये रिव्हर्ट केलं की बदललेल्या फाइलची प्रत शेवटी ऑरिज लावून शेजारीच ठेवली जाते, नको असेल तर तुम्ही वेगळा पर्याय देऊन ते बंद करायचं. पर्फोर्समध्ये बॅकअप नाही पण रिव्हर्टला -एन दिलं की फक्त यादी दिसते. फॉसिलमध्ये तर रिव्हर्ट केल्यावर अनडू म्हणायचं, रिव्हर्टच उलटतं. जुजुत्सू आणखी पुढे गेलंय, तिथे तुमची चालू फोल्डरची अवस्थाच आपोआप कमिट म्हणून नोंदवली जाते त्यामुळे टाकलेलं काम ऑपरेशन लॉगमधून परत आणता येतं. गिटहब डेस्कटॉप गिटवरच चालतं तरी त्याच्यातून डिस्कार्ड केलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जातात. म्हणजे हे करता येतं, अवघड नाहीये, फक्त गिटच्या कमांड लाइनमध्ये ते नाही.

पण एक उपाय आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. रिस्टोअरची रंगीत तालीम म्हणजे गिट डिफ. साधं गिट डिफ जे दाखवतं ते डिस्क आणि स्टेजिंगमधला फरक, आणि साधं गिट रिस्टोअर नेमकं तेवढंच पुसतं, ओळ न ओळ. गिट डिफ --स्टेज्ड जे दाखवतं तेवढंच रिस्टोअर --स्टेज्ड मागे घेतं. आणि गिट डिफ हेड दाखवतं ते दोन्ही पर्याय एकत्र लावल्यावर जाणारं सगळं. तेच फाइलचं नाव किंवा तेच टिंब आधी डिफला द्या, बघा, मग वरची ओळ परत आणून डिफच्या जागी रिस्टोअर लिहा. इतकं सोपं. आणि मन थोडं जरी कचरत असेल तर डिफचं आउटपुट एखाद्या पॅच फाइलमध्ये लिहून ठेवा, रेपोच्या बाहेर ठेवलं तर उत्तम, नंतर गिट अप्लायने ते बदल परत बसवता येतात. इमेज वगैरे बायनरी फाइली बदलल्या असतील तर डिफला --बायनरी द्यायला विसरू नका नाहीतर पॅचमध्ये त्यांचा मजकूर येणारच नाही.

स्टॅशबद्दल लोक विचारतात, की सरळ स्टॅश करून टाकलं तर काय वाईट. वाईट काहीच नाही, बदल लागतील की नाही हे नक्की नसेल तर स्टॅशच करा, मीच सांगेन. एम देऊन दोन शब्दांचं नाव द्या म्हणजे पुढच्या आठवड्यात कळेल आत काय आहे. फक्त तीन गोष्टी. अनट्रॅक्ड फाइली -यू दिल्याशिवाय स्टॅशमध्ये जात नाहीत. पॉप करताना (स्टॅश परत काढताना) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, आला तर स्टॅश यादीतून जात नाही, तो तिथेच राहतो, त्यामुळे घाबरू नका. आणि पॉप केल्यावर काय स्टेज केलेलं होतं आणि काय नव्हतं हा फरक --इंडेक्स दिल्याशिवाय परत येत नाही, मोठं काम अर्धवट स्टेज करून ठेवलं असेल तर हे फार त्रासदायक होतं. पण रोजचा कचरा टाकायलाही स्टॅशच वापरायचं हे मला पटत नाही, यादी वाढत जाते आणि मग त्यातलं कामाचं कुठलं आणि फेकायचं कुठलं हेच कळत नाही. नको ते नकोच, ते रिस्टोअरने टाका.

रिसेट --हार्ड, थोडक्यात सांगतो. ती पूर्ण रेपोवर चालते, एका फाइलपुरती चालवताच येत नाही, स्टेज केलेलं आणि न केलेलं दोन्ही घालवते आणि वर हेड सुद्धा हलवू शकते. एका फाइलमधले चार बदल टाकायला ही लागतच नाही. तरीही असल्या प्रश्नावर पहिलं उत्तर म्हणून हीच दिली जाते, कृपया असं करू नका.

अनट्रॅक्ड फाइलींना रिस्टोअर हात लावत नाही, ते काम गिट क्लीनचं. इथे गिटने काळजी घेतलीय, -एफ दिल्याशिवाय क्लीन चालतच नाही, आणि -एन दिलं की काय काय जाईल त्याची यादी येते, म्हणून आधी -एन, वाचा, मगच -एफ. फोल्डर काढायचे तर -डी. -एक्स मात्र फार विचार करून द्या, कारण त्याने गिटइग्नोअरमधल्या फाइलीही जातात आणि तुमच्या पासवर्डच्या, लोकल सेटिंगच्या एन्व्ह फाइली तिथेच असतात, त्या कुठल्याच कमिटमध्ये नसतात आणि रिसायकल बिनमध्येही जात नाहीत.

सबव्हर्जन वापरून आलेल्यांसाठी एक सूचना, तिथे रिव्हर्ट म्हणजे लोकल बदल टाकणं, गिटमधली रिव्हर्ट मात्र जुन्या कमिटचा उलटा नवीन कमिट बनवते. कमिट न केलेल्या बदलांशी तिचा संबंध नाही.

समजा रिस्टोअर मारली आणि मग लक्षात आलं की त्यात कामाचं होतं. तर हातपाय गाळू नका, आधी हे आठवा की ते बदल एकदा तरी गिट ॲड केले होते का. केले असतील तर वाचलात, कारण ॲड करतानाच गिट त्या मजकुराची प्रत आपल्या ऑब्जेक्टच्या साठ्यात लिहितं आणि नंतर अनस्टेज केलं तरी ती प्रत लगेच जात नाही. गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड चालवा, डॉट गिटच्या आत लॉस्ट-फाउंड नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यातल्या अदरमध्ये असले निराधार मजकूर येतात, फाइलचं नाव नसतं, लांबलचक हॅश असतो, त्यामुळे त्यात आपल्या फंक्शनचं नाव ग्रेप करून शोधावं लागतं. असले ऑब्जेक्ट दोन आठवड्यांपेक्षा जुने झाले की सफाईत जाऊ शकतात, म्हणजे लगेच शोधा. म्हणूनच मी सांगतो की काम अर्धवट असलं तरी मधून मधून ॲड करत जा, कमिट नसलं तरी कुठेतरी प्रत राहते.

ॲड केलंच नसेल तर गिटकडे काहीच नाही. मग एडिटरकडे जा. व्हीएस कोडमध्ये 2022 च्या 1.66 व्हर्जनपासून टाइमलाइनमध्ये लोकल हिस्टरी येते, दर सेव्हची नोंद असते. जेटब्रेन्सच्या इंटेलिजे वगैरेमध्ये लोकल हिस्टरी फार आधीपासून आहे, डीफॉल्टला ती पाच कामाचे दिवस ठेवते. आणि फाइल अजून एडिटरमध्ये उघडी असेल तर सगळ्यात आधी नुसतं कंट्रोल झेड करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच येतं, पण टॅब बंद करायच्या आधी.

मर्ज (दोन ब्रँच एकत्र करणं) चालू असताना कॉन्फ्लिक्टवाल्या फाइलवर साधी रिस्टोअर एरर देते, ती फाइल अनमर्ज्ड आहे म्हणते. तिथे --आवर्स (चालू ब्रँचमधलं रूप) किंवा --देअर्स (मर्ज होणाऱ्या ब्रँचमधलं रूप) द्यायचं, आणि हाताने कॉन्फ्लिक्ट सोडवताना फाइलची पार वाट लागली असेल तर --मर्ज दिलं की कॉन्फ्लिक्टच्या खुणांसकट फाइल पुन्हा पहिल्यासारखी मिळते, हे मला फार आवडतं. रीबेसमध्ये (आपले कमिट दुसऱ्या ब्रँचवर नव्याने रचताना) मात्र आवर्स आणि देअर्सचे अर्थ उलटे होतात, तिथे आवर्स म्हणजे ज्याच्यावर रीबेस करताय ते आणि देअर्स म्हणजे तुमचं स्वतःचं काम. रीबेसमध्ये असाल तर आधी डिफ बघा आणि मगच निवडा.

रिस्टोअर चालवूनही फाइल बदललेलीच दिसत असेल तर कमांडला दोष देऊ नका, बहुतेक वेळा लाइन एंडिंगची (ओळ संपल्याच्या खुणेची) भानगड असते, गिटॲट्रिब्यूट्स किंवा ऑटोसीआरएलएफची सेटिंग तपासा.

बरीच वर्षं या कमांडच्या माहितीत ही प्रायोगिक आहे, वागणं बदलू शकतं असं लिहिलेलं होतं आणि त्यामुळे काही टीम चेकआउटच धरून बसल्या होत्या. ऑगस्ट 2025 च्या 2.51 व्हर्जनला तो शिक्का निघाला, स्विचचाही निघाला, त्यामुळे आता ते कारणही राहिलं नाही.

सर्व्हरवरचं गिट 2.23 पेक्षा जुनं असेल तर रिस्टोअर मिळणारच नाही. तिथे रिस्टोअरच्या जागी गिट चेकआउट, दोन डॅश आणि फाइल, रिस्टोअर --स्टेज्डच्या जागी गिट रिसेट हेड आणि फाइल, आणि दोन्ही एकत्रच्या जागी गिट चेकआउट हेड, दोन डॅश आणि फाइल. ही तिसरी जोडी तंतोतंत सारखी नाही बरं का, फोल्डरवर चालवली तर जुनी चेकआउट नव्याने ॲड केलेल्या फाइली तशाच ठेवते आणि रिस्टोअर त्या काढून टाकते, स्क्रिप्टमध्ये एकीच्या जागी दुसरी घालणार असाल तर तेवढं तपासून घ्या.